परवाना कुणाच्या भीतीला?

आग्रही : आधी प्रसंग डोळ्यांसमोर आणा, मग कलमं सांगा. शेतातली वस्ती आहे, गावापासून दोन-अडीच किलोमीटर आत. रात्री दीडला दारावर लाथा बसायला लागतात. बाहेर पाच-सहा जण. घरात म्हातारी आई, बायको, दोन पोरं. 112 फिरवला आणि पहिल्या झटक्यात लागला असं धरू. तरी तालुक्याच्या ठाण्याची गाडी कच्च्या रस्त्यानं यायला पाऊण तास. नगर, बीड, नाशिक, पुणे, कुठल्याही जिल्ह्याची जुनी वर्तमानपत्रं काढा, वस्तीवरच्या दरोड्याच्या बातम्या अशाच असतात. त्या पाऊण तासात घरच्या माणसानं काय करावं, एवढंच सांगा. दाराला खाट लावून देवाचं नाव घेत बसावं?

साशंक : कायदा तसं म्हणत नाही, आणि हीच गोष्ट आपल्याकडे कुणाला धड माहीत नसते. स्वसंरक्षणाचा आपला हक्क चांगला ऐसपैस आहे. जुन्या दंडसंहितेतली 96 ते 106 ही कलमं आता भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 झाली. 1 जुलै 2024 ला आकडे बदलले, गाभा तोच राहिला. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, बलात्काराचा, अपहरणाचा, ॲसिड फेकण्याचा प्रयत्न असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. जबरी चोरी होत असेल, सूर्यास्तानंतर घर फोडलं जात असेल, राहत्या घराला आग लावली जात असेल, तर मालमत्तेसाठीसुद्धा तिथपर्यंत जातो. आणि आधी पळून बघा अशी सक्ती नाही. 2010 मध्ये पंजाबातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं पुन्हा एकदा मांडलं. धोक्यात सापडलेल्या माणसानं भेकडासारखं पळावं अशी अपेक्षा नाही, आणि वार मोजूनमापून करावेत अशीही नाही. तेव्हा तुमच्या वस्तीवरच्या माणसानं कुऱ्हाड उचलली तर मी त्याचं वकीलपत्र फुकट घेईन. मला अडचण आहे ती तुम्ही यापुढे जे म्हणणार आहात त्याची.

आग्रही : तेच म्हणतो. हक्क एवढा मोठा आणि तो बजावायला कुऱ्हाड. पाच जणांपुढे कुऱ्हाड म्हणजे दुसऱ्या मिनिटाला ती त्यांच्या हातात. कायद्याचा हा विनोद काही आजचा नाही, वकीलसाहेब. मेकॉलेच्या आयोगानं 1837 मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला तेव्हा टिपणात असं लिहिलं की इथली माणसं दरोडेखोरांचा मार मुकाट सोसतात, त्यांच्यात हिंमत जागी व्हावी म्हणून हा हक्क आखडता ठेवू नये. 1860 ला तो कायदा झाला. आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटननं शस्त्रकायदा आणून त्याच माणसांच्या घरातली हत्यारं परवान्यात अडकवली. गोऱ्यांना सूट होती, ते वेगळंच. हिंमत दाखवा म्हणायचं आणि हात बांधून ठेवायचे. याचा राग नेमस्तांना होता तसा जहालांनाही होता. अहिंसेचा पुजारी म्हणून ज्यांचं नाव घेतो त्या गांधींनी जानेवारी 1930 मध्ये आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरच्या कराबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, ही मागणी होती. लोकांच्या नियंत्रणाखाली द्या, असं म्हटलं होतं, पण द्या म्हटलं होतं. पुढच्या वर्षी कराचीच्या काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. मग स्वातंत्र्य आलं आणि तो हक्क कुठे गेला?

साशंक : घटनासमितीत आला होता की. डिसेंबर 1948 मध्ये हरी विष्णू कामतांनी दुरुस्ती सुचवली, कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. बाजारात जाऊन कुणीही कसलंही हत्यार विकत आणू शकला तर राज्यकारभार चालवायचा कसा, असा त्यांचा सवाल होता. घटनेत शेवटी राहिलं ते एवढंच की नागरिकांनी शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमावं. आता हा निर्णय देणारा माणूस कोण आहे ते बघा. गावातला बलवान आपल्याविरुद्ध काय काय करू शकतो हे ज्यानं लहानपणापासून अंगावर घेतलं होतं, तो माणूस. शस्त्राचा हक्क सगळ्यांना दिला तर तो आधी कुणाच्या घरी पोचेल, याचा अंदाज त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला असणार?

आणि अंदाज चुकला का? आज परवाना कुणाकडे असतो बघा. बीड जिल्ह्यात 2024 च्या अखेरीस एका सरपंचाच्या खुनानंतर चौकशी सुरू झाली तेव्हा तिथल्या बंदूक परवान्यांची संख्या चर्चेत आली आणि शंभराहून जास्त परवाने रद्द करावे लागले. हे सगळे वस्तीवर एकटे राहणारे शेतकरी होते का? उल्हासनगरला फेब्रुवारी 2024 मध्ये पोलीस ठाण्याच्या आत, अधिकाऱ्याच्या दालनात गोळीबार झाला आणि गुन्हा दाखल झाला तो एका विद्यमान आमदारावर. तिथे पोलीस पाऊण तासावर नव्हते, टेबलापलीकडे होते. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढण्याची हौस इतकी वाढली की 2019 च्या दुरुस्तीत तिच्यासाठी वेगळी शिक्षा लिहावी लागली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. कमरेचं पिस्तूल हा आपल्याकडे गळ्यातल्या साखळीसारखा दागिना झाला आहे. तो दिसावा म्हणूनच घालायचा असतो.

आग्रही : म्हणजे परवाना नको त्याला मिळतो, म्हणून हवा त्यालाही देऊ नका. छान. नको त्याचं परवान्यावाचून काही अडत नाही, हे विसरलात तुम्ही. चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीचा गावठी कट्टा पुण्या-नाशकात पकडला जातो ही बातमी आता कुणी पूर्ण वाचतसुद्धा नाही. आणि कट्टा तरी कशाला? पुण्यात पोरं कोयते घेऊन दुकानं फोडत फिरली तेव्हा पोलिसांची पंचाईत काय झाली? कोयता उसाच्या तोडीला लागतो, नारळ सोलायला लागतो. निव्वळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू शस्त्र नव्हेत असं 1959 चा शस्त्रकायदा व्याख्येतच सांगतो. त्यात लाठीचं तर नाव घेऊन सूट आहे. म्हणजे ज्याला मारायचंच आहे त्याला अवजार कुठल्याही लोहाराकडे मिळतं. अडतो तो एकटा, जो कायदा पाळतो.

शिवाय कायदा पाळणाऱ्याला परवाना देऊ नका, असं कायदा म्हणत नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर ती द्यावी, असंच कलम 13 सांगतं. कोकणात शेतीसंरक्षक बंदुका पिढ्यान्‌पिढ्या घरात आहेत. रानडुकरापासून भुईमूग वाचवायला बंदूक चालते आणि दरोडेखोरापासून पोरं वाचवायला मागितली की कपाळाला आठ्या, हा कुठला न्याय?

साशंक : कोयत्याचा विषय तुम्हीच काढलात, तर माझ्या धंद्यातलं थोडं ऐका. मी उभं आयुष्य सरकारी वकील म्हणून काढलं. आरोपी स्वसंरक्षणाचा बचाव घेतो तेव्हा न्यायालय त्याची भीती बघू शकत नाही, भीती संपलेली असते. न्यायालयापुढे येतो तो शवविच्छेदनाचा कागद. त्यात जखमा ओळीनं लिहिलेल्या असतात, लांबी, रुंदी, खोली, जागा. डाव्या हाताच्या पंजावर आडवी जखम असेल तर त्या माणसानं वार अडवायला हात पुढे केला होता. खांद्यावर पुढून एक वार असेल तर बचाव पटू शकतो. मग मानेच्या मागच्या बाजूला दोन वार दिसतात. मागच्या बाजूला. म्हणजे तो वळला होता, नाहीतर पडला होता. तिथे मी उभा राहून विचारतो की आता धोका कुणाला होता? धोक्याची भीती असेपर्यंतच हक्क चालतो. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातल्या एका शेताच्या भांडणाचा खटला होता. समोरचे चालून आले तोवर शेतातल्यांचा हक्क मान्य झाला. मग ते पळत सुटले, तरी त्यांच्यावर गोळी घातली गेली, आणि तिथे हक्क संपला. सगळी गोष्ट काही मिनिटांत.

आणि ते भांडण कुणाचं होतं, शेताचं. राष्ट्रीय गुन्हे नोंदीच्या तक्त्यात खुनामागची कारणं असतात, त्यांत वाद आणि वैर वरच्या ओळींत असतात. तुम्ही दरोडेखोर डोळ्यांपुढे ठेवून बंदूक मागता, पण ती घरात आली की दरोड्याच्या एका रात्रीसाठी येत नाही. ती बांधाच्या वादातही घरातच असते, भावबंदांच्या वाटणीतही असते, दारू पिऊन आलेल्या रात्रीही असते. कर्जानं खचलेल्या माणसाच्या घरातही असते, आणि त्या घरात हत्यार हाताशी असणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. 2016 चे नियम म्हणतात की प्रशिक्षण घ्या, घरात बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी द्या. हमी पाळून कपाटात कुलूपबंद ठेवली तर रात्री दीडला चावी सापडेपर्यंत दार मोडलेलं असेल. उशाशी भरून ठेवली तर तुमची दोन पोरं त्याच खोलीत झोपतात. यातलं काय करणार, हे बंदूक मागणारा कुणी मला आजवर नीट सांगू शकलेला नाही.

आग्रही : मला सांगता येईल, पण तुम्हाला पटणार नाही. मी उशाशी ठेवीन आणि पोरांना लांब झोपवीन. ज्याच्या दारात साप निघतो तो उंबऱ्याशी काठी ठेवतोच, पोरं खेळताना एकमेकांना मारतील म्हणून ती माळ्यावर टाकत नाही.

ते राहू द्या. तुम्ही शवविच्छेदनाचा कागद वाचून दाखवलात, मी तुम्हाला एक निकाल वाचून दाखवतो. मार्च 1950, कटनी. दंगल पेटलेली. जमावानं शेजारचं भावाचं दुकान फोडलं, लुटलं, आणि मग या दुकानाच्या दारावर लाठ्या बडवायला लागला. मागच्या बाजूला घरची माणसं होती. दुकानदारानं दोन गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला, तिघे जखमी झाले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरलं, नागपूरच्या उच्च न्यायालयानंही शिक्षा कायम केली. 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. निकाल लिहिला व्हिव्हियन बोस यांनी, जे त्याआधी नागपूरलाच मुख्य न्यायमूर्ती होते. दार मोडेपर्यंत त्यानं वाट बघायची होती का, असा तो सगळा युक्तिवाद आहे. दंगलीतल्या माणसाची भीती सोनाराच्या तराजूत तोलू नये, हे आपल्या न्यायालयांनी पुन्हापुन्हा सांगितलं ते या निकालाच्या आधारानं. तो दुकानदार अल्पसंख्य होता. बाहेर जमाव होता. पोलीस वेळेवर येणार नव्हते. त्याच्या हातात बंदूक नसती तर निकालपत्र लिहायची वेळच आली नसती, फक्त पंचनामा झाला असता.

साशंक : कटनीचा निकाल मला पाठ आहे आणि मला तो आवडतो. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की ती दुसरीकडे सहज मिळत नाही. जमाव खरा होता. लाठ्या खऱ्या होत्या. भाऊ लुटला गेलेला होता. आता साक्री तालुक्यात चला. 1 जुलै 2018, राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवर आठवडाभर चालू होती. गावकऱ्यांनी त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारलं. 16 एप्रिल 2020 ला पालघरमध्ये गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले. मारणाऱ्यांना विचारा, ते सगळे स्वतःला कटनीचा दुकानदारच समजत होते. आपली पोरं वाचवतोय, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

कायदा भीतीला वाजवी असण्याची अट घालतो. पण वाजवी कुणाच्या हिशेबानं? पारधी बाई अंधारात रस्त्यानं निघाली की वस्तीवरच्या माणसाला भीती वाटते. ती खरी वाटते, छाती धडधडते. त्या बाईलाही वस्तीची भीती वाटते, आणि तिची भीती इतिहास बघितला तर जास्त वाजवी आहे. तुमच्या हातात बंदूक दिली म्हणजे या दोन भीत्यांपैकी एकीला गोळ्या मिळाल्या.

(लिहिणाऱ्याला इथे एक जोडावंसं वाटतं. विदर्भात रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडतात. सौर झटका यंत्र वेगळं, त्यानं जनावर हादरून मागे फिरतं. थेट करंटनं ते जागीच जळतं. रात्री त्या तारेला डुकराऐवजी शेजारचा मजूर लागला तर तारेनं फरक केलेला नसतो. शेतकऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. स्वसंरक्षणाच्या हत्यारांत सगळ्यात आंधळं हे, आणि त्याला परवाना लागत नाही.)

आग्रही : तुमचं राईनपाड्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? तिथे परवान्याची एकही बंदूक नव्हती. लाथा, काठ्या, हाताला लागेल ते. जमावाला हत्यार लागत नाही, जमाव हेच हत्यार. हत्यार लागतं ते एकट्याला. ते पाच जण हत्यारबंद असते तर काय झालं असतं, असं मी म्हणणार नाही, कारण भिक्षेकऱ्याला बंदूक द्या म्हणणं ही थट्टा होईल. पण तुमचं तत्त्व मला जमावापासून वाचवत नाही, एवढं खरं.

आता मला नागपूरचं उत्तर द्या. 13 ऑगस्ट 2004. कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावानं भर जिल्हा न्यायालयात एका गुंडाला तिखट फेकून, चाकूनं मारलं. वर्षानुवर्षं बलात्कार, खंडणी, दहशत. ठाण्यात गेलो की आम्हालाच हाकलतात, असं त्या सांगत होत्या. 2014 मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. मी त्या कृत्याचं समर्थन करत नाही, पण कायद्याचा हिशेब बघा. न्याय संहितेचं कलम 37 म्हणतं की पोलिसांकडे जायला वेळ असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क नाही. त्या बायकांना वेळ होता. वेळ म्हणाल तर दहा वर्षं होता. तो मनुष्य त्या क्षणी पोलिसांच्या ताब्यात होता, म्हणून धोका नव्हता. काल होता, सुटल्यावर परवा असणार होता, फक्त त्या दुपारी नव्हता. तुमचा कायदा गळ्यावर हात पडायची वाट बघतो. बाईच्या गळ्यावर हात पडल्यावर तिच्याकडे हक्क असतो आणि ताकद नसते.

साशंक : याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. वेळ होता का, हा प्रश्न कायदा विचारतो तेव्हा त्यानं एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की वेळेत गेल्यावर दार उघडेल. कस्तुरबानगरमध्ये ते गृहीत खोटं होतं. पण न्यायालय तुमच्या गल्लीतलं ठाणं खोटं आहे असं धरून हक्काची हद्द वाढवायला लागलं, तर प्रत्येक खुनी हेच सांगेल. माझं ठाणं खोटं होतं म्हणून मी मारला. त्यातलं खरं कोण, खोटं कोण?

आणि बायकांना हत्यार, हा प्रयोग झालेला आहे. दिल्लीच्या त्या बलात्कारानंतर, जानेवारी 2013 मध्ये, मुंबईत शिवसेनेनं बायकांना चाकू वाटले. वर्षभरानं कानपूरच्या आयुध कारखान्यानं निर्भीक नावाचं बायकांसाठी म्हणून रिव्हॉल्व्हर काढलं, अर्धा किलो वजनाचं, दागिन्यांच्या पेटीत घालून. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. धारावीतून किंवा कस्तुरबानगरातून कोण सव्वा लाख भरणार? आणि भरले तरी बाईवर हात टाकणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, पुष्कळदा त्याच घरातला. घरात आलेलं हत्यार त्याच कपाटात, त्याच्याही हाताशी. मिरचीच्या फवाऱ्यापर्यंत मी तुमच्याबरोबर येतो. त्याचं चुकलं तर डोळे चोळत माणूस जिवंत तरी राहतो.

आग्रही : हत्यार बलवानाकडे जातं, हा तुमचा मूळ मुद्दा. आंबेडकरांपासून सव्वा लाखापर्यंत तोच. ठीक. मग कायद्यानंच दुबळ्याला हत्यार द्या असं सांगितलेलं एक ठिकाण दाखवतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधाचे 1995 चे नियम, नियम 3. ज्या भागात अत्याचाराचा धोका आहे असं राज्य सरकारनं ठरवलं, तिथे जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाने द्यावेत. लिहिलेलं आहे, केंद्र सरकारच्या नियमात. आता बोला. हेही साखळीसारखा दागिना?

साशंक : नाही. तो नियम गंभीरपणे लिहिलेला आहे, आणि त्याच नियमात त्याच्या वरच इतर समाजाच्या लोकांचे परवाने गरज पडल्यास रद्द करा, बेकायदा हत्यारं जप्त करा, असंही आहे. मला ते पहिलं वाटतं. गावात दहा परवाने एका बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूला अकरावा देण्याआधी ते दहा काढून घेणं स्वस्त आहे. त्यात गोळी सुटत नाही.

दुबळ्याला हत्यार देण्याची सरकारी हौस मी छत्तीसगडमध्ये पाहिली आहे, म्हणजे कागदावर. तिथे आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका दिल्या, नक्षलवाद्यांशी लढा म्हणून. 2011 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. राज्यानं जे काम स्वतः करायचं ते अर्धशिक्षित पोरांच्या खांद्यावर टाकलं, आणि ती पोरं दोन्ही बाजूंनी मरायला मोकळी झाली. गावातल्या एका दलित कुटुंबाला परवाना दिलात, त्यानं उद्या खरोखर स्वसंरक्षणात गोळी झाडली, तर पोलीस किती वेळात येतील? त्या दिवशी पाऊण तास लागणार नाही. आणि मग स्वसंरक्षण होतं हे त्यानं दाखवायचं. शंकेपलीकडे नाही, संभाव्यतेच्या पारड्यात, पण ओझं त्याच्यावरच. हत्यार दिलं की न्यायालयात उभं राहायची ताकद आपोआप येत नाही.

आग्रही : मग पाऊण तासात काय? प्रत्येक वेळी तुम्ही तिथून सुटता.

साशंक : सुटत नाही. ग्रामसुरक्षा दल आहे. पुणे, नगर, नाशिक भागांत एका फोनवर सगळ्या गावाच्या मोबाइलवर आवाज जातो अशी यंत्रणा आहे. दरोडेखोर पाच आहेत, गाव दोन हजारांचं आहे. शिट्टी वाजली, वस्तीकडे पन्नास बॅटऱ्या निघाल्या, तर पाच जण थांबत नाहीत. हे प्रत्यक्ष घडतं.

आग्रही : आणि हीच शिट्टी राईनपाड्यात वाजली होती.

बघा कसं झालं. तुम्ही मला बंदूक नको म्हणालात, कारण एकट्याची भीती चुकू शकते. तिच्या जागी तुम्ही मला गाव दिलंत, आणि गावाची भीती चुकली तर तिला आवरणारं कोण? माझ्या बंदुकीवर नंबर असतो. परवान्यावर माझा फोटो, माझं नाव, किती काडतुसं घेतली त्याची नोंद. गोळी सुटली की ती कुणाची हे दुसऱ्या दिवशी कळतं. पन्नास बॅटऱ्यांत कुणी मारलं हे दहा वर्षांनी न्यायालयात कळत नाही, नागपूरलासुद्धा कळलं नाही. तुम्हाला जबाबदारी हवी असेल तर ती एकट्याकडे जास्त आहे.

साशंक : हा मुद्दा मला याआधी कुणी असा घातला नव्हता. बरोबर आहे, निदान इतपत की मी गर्दीवर जो भरवसा टाकला तो तपासून बघायला हवा. पण मग तुम्हाला हवं आहे ते हत्यार आहे की नोंद? कारण नोंद हत्याराशिवायही होऊ शकते. दलाच्या रात्रपाळीची यादी, कोण निघालं, कुणी हाक दिली, पोलीस पाटलाची सही. एकट्याच्या बंदुकीला जी जबाबदारी तुम्ही चिकटवताय ती पन्नास बॅटऱ्यांना चिकटवता येत नाही, असं कुठे आहे? आजवर कुणी चिकटवलेली नाही, एवढंच.

आणि तुमच्या बाजूनंही एक अट मानाल का? परवाना द्यायचा तर आज विचारतात, तुमची पात्रता काय, मिळकत किती, धोका कुणाकडून. त्याऐवजी विचारायचं, ठाणं किती लांब, रस्ता कसा, आधी कितीदा तक्रार दिली आणि कितीदा कुणी आलं. म्हणजे परवाना माणसाच्या वजनावर न देता शासनाच्या अंतरावर द्यायचा. आमदाराला मग मिळणार नाही, त्याच्या दारात तर पोलीस उभाच असतो. वस्तीवरच्याला मिळेल. पारधी तांड्यावर एकट्या राहणाऱ्या बाईनं मागितला तर तिलाही द्यावा लागेल. ते चालेल तुम्हाला?

आग्रही : तिला? चालेल. माझ्या वस्तीपासून किती लांब राहते त्यावर आहे.

साशंक : हेच मला ऐकायचं होतं.

आग्रही : हसू नका. मी खरं बोललो म्हणून तुम्हाला हसता आलं. तुमच्या अटीतही एक भोक आहे. ठाणं आलं की नाही आलं, तक्रार घेतली की हाकलून दिलं, हे सांगणार कोण? परवान्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. शहरात पोलीस आयुक्तांकडे. आणि निर्णय करण्याआधी त्यांनी जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, असं शस्त्रकायद्याच्या कलम 13 मध्ये लिहिलेलं आहे. कस्तुरबानगरच्या बाईनं उद्या अर्ज केला तर तिच्या अर्जाचा अहवाल, तिला हाकलून दिलं असं ती ज्या ठाण्याबद्दल सांगते, तेच ठाणं लिहिणार.